बॅटरी उतरेपर्यंत मांजरीत

प्रवासाहून परतलेली माणसं लडाखबद्दल लिहितात, व्हिएतनामबद्दल लिहितात. मी मांजरीबद्दल लिहिणार आहे. कोथरूडहून मांजरी म्हणजे पुणे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. मुक्काम एका रात्रीचा. आणि प्रवासाची मुख्य अट अशी की एकदा पोचल्यावर गाडी जागची हलवायची नाही. असा प्रवास ज्यांनी केलेला नाही, आणि बहुधा कोणीच केलेला नसावा, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात मिनीबसपासून करायला हवी. बँकेतून निवृत्त झालेला नवरा घरात बसून काय काय करू शकतो, याची मी मनाशी यादी करून ठेवली होती. बागकाम, योगासनं, सोसायटीची निवडणूक. मिनीबस त्या यादीत नव्हती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमचे हे मला खाली घेऊन गेले आणि एका पांढऱ्या, लांबुळक्या गाडीसमोर उभं करून म्हणाले, "बघ." मांजरीच्या पोपटराव नावाच्या बागायतदारांनी लग्नाची वऱ्हाडं नेणारी जुनी मिनीबस घेऊन तिच्यात दोन बिछाने, एक ओटा, एक बेसिन आणि शिलाई मशीनच्या खोक्याएवढा एक फ्रिज बसवून घेतला होता. भारतभर फिरायचं म्हणून. मग त्यांच्या पत्नीने, "मी माझं घर सोडून मोटारीत निजायची न्हाई," असं जाहीर केलं आणि भारत राहून गेला. ती गाडी आता आमची होती.

मला राग आला, पण पुरता रागावता येईना. कारण तो फ्रिज.

सहा वर्षांपूर्वी मला इन्शुलिन सुरू झालं. त्याच वर्षी, त्याच आजाराने, माझ्या थोरल्या भावाचा उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. दादा आमच्या गावी राहतो, कोयना धरणाच्या फुगवट्याच्या कडेला, जिथे जरा जोराचा वारा आला की लाइट जाते आणि दोन-दोन दिवस येत नाही. त्या वर्षापासून मी गावी गेलेले नाही. दादाला एवढा प्रवास झेपत नाही, म्हणजे त्यालाही मी सहा वर्षांत पाहिलेलं नाही. दर भाऊबीजेला आमचं फोनवर ठरलेलं बोलणं होतं. तो म्हणतो, "ये की." मी म्हणते, "अरे, इन्शुलिन ठेवायला फ्रिज नको का?" तो म्हणतो, "बरं." आता दारात चाकं लावलेला फ्रिज उभा होता. प्रश्न एवढाच होता की दादाच्या अंगणात ही गाडी दोन दिवस उभी राहिली, तर तो फ्रिज दोन दिवस चालेल का.

चालेल

अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिन सुरू करते. दुसरी, गाडी उभी असताना, दिवा, पंखा आणि फ्रिज चालवते. तिला आम्ही 'घरची' म्हणू लागलो. आमच्या घरचीवर शंभर अँपिअर-तास असं छापलेलं आहे. पण ते तारुण्यातलं. बॅटरी वापरून वापरून आतून कमी होत जाते आणि वरून तशीच दिसते. पोपटरावांच्या म्हणण्याप्रमाणे ती चार वर्षांची होती. आता तिच्यात नेमकं किती उरलंय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

ह्यांनी पोपटरावांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "चालंल की. न चालायला काय झालंय?" ह्यांनी फोन ठेवला आणि समाधानाने मला सांगितलं, "चालेल म्हणतात."

"किती तास?"

"अगं, चालेल म्हणजे चालेल."

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. उत्तराला एकक नसेल तर मी गुण देत नसे. नुसतं 'पाच' लिहिणाऱ्या मुलीला मी 'पाच काय, आंबे?' असं वहीत लिहून विचारत असे. आणि 'चालेल' या शब्दाला एककच नाही. चहा चालेल का, चालेल. उद्या आलं तर चालेल का, चालेल. मला बघायला आले होते, तेव्हा घरी परत गेल्यावर ह्यांनी आपल्या आईला दिलेलं उत्तरही हेच होतं. हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं आणि त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. असल्या शब्दाच्या भरवशावर इन्शुलिन घेऊन कोयनेच्या काठी जायला मी तयार नव्हते.

खडकी

खडकीला ह्यांच्या ओळखीचे एक जाधव आहेत. दारूगोळ्याच्या कारखान्यात उभी नोकरी करून निवृत्त झाले आणि आता घराच्या पुढच्या खोलीत बॅटऱ्या तपासतात. माणूस कमी बोलणारा. त्यांनी दोन जाड चिमटे बॅटरीला लावले, हातातल्या यंत्राचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, काटा हिरव्या पट्ट्यात थांबला.

"चालेल," जाधव म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाधवांकडे पाहिलं. "किती तास?" मी विचारलं.

जाधवांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "ताई, हे यंत्र तासांचं नाही. एकदम जोर लावायची ताकद आहे का, एवढंच ते सांगतं. तुम्ही विचारताय ते दमाचं. ते दहा सेकंदांत नाही कळत."

"मग कशाने कळतं?"

"बसून."

मला हा माणूस आवडला. त्यांनी आतून एक फळी आणली. फळीवर मोटारीच्या पुढच्या दिव्यांचे दोन बल्ब बसवलेले, बाजूला एक साधं बटण, आणि लांब वायरीच्या टोकाला व्होल्ट मोजायचा मीटर. पद्धत त्यांनी चार वाक्यांत सांगितली. बॅटरी पूर्ण भरा. रात्रभर तिला काही लावू नका. सकाळी हे दोन दिवे लावा, दोन्ही मिळून दहा अँपिअर खातात. मीटर साडेदहा व्होल्टवर आला की बंद करा, आणि जेवढे तास दिवे जळले त्याला दहाने गुणा.

"नवी असती तर साधारण नऊ तास गेली असती," ते म्हणाले. "आणि मधे इंजिन चालू करायचं नाही. चालू केलंत की ती भरायला लागते, मग पहिल्यापासून. साडेदहाच्या खाली नेऊ नका. आणि ही परीक्षा सारखी घेऊ नका, तिला त्रास होतो."

परीक्षा सारखी घेऊ नये असं मला एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी ती फळी मांडीवर घेऊन घरी आले.

कोथरूड, पार्किंग

पहिला प्रयत्न घरीच केला. त्याची हकिगत मी वगळणार होते, पण ह्यांचा आग्रह आहे की प्रवासवर्णनात फजिती हवी.

सकाळी सहाला दिवे लावले. सव्वासहाला सोसायटीचे अध्यक्ष फेरफटक्याहून आले आणि थबकले. "अहो, दिवसाढवळ्या पार्किंगमध्ये हा लखलखाट काय? लोक विचारतात." लोक म्हणजे ते स्वतः; एवढ्या सकाळी दुसरं कोणी उठलेलंही नव्हतं. वाद नको म्हणून आम्ही फळी गाडीच्या आत ओट्यावर ठेवली, पडदे ओढले आणि मीटरची वायर खिडकीतून बाहेर काढली. मी वेताचा मोडा टाकून बाहेर बसले आणि वहीत नोंदी करू लागले. साडेसहाला १२.३. मग मी आत जाऊन चहाचा थर्मास आणला. सातला पाहिलं, तर १२.६.

व्होल्टेज वाढलं होतं. शिकवलेलं सगळं विसरून मी खूश झाले. आठला १२.६. दहाला १२.६. बाराला १२.६. मी ह्यांना म्हटलं, बॅटरी तापल्यावर खुलली असणार. सहा तास दिवे जळले आणि बॅटरी जागची हललेली नाही. ह्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'बॅटरी नव्यासारखी' असा निरोप टाकला. मी दादाला फोन करून सांगितलं, "यायचं जमतंय असं वाटतंय."

"वाटतंय?" दादा म्हणाला.

एकच्या सुमाराला मी फळी आवरायला आत गेले. आत अंधार होता. बटण बंद होतं.

मी आधी ह्यांची उलटतपासणी घेतली. मग वॉचमनची. अध्यक्षांकडे तर मी जिना चढून गेले. आणि खाली उतरताना माझ्या डोळ्यांसमोर माझाच हात आला. थर्मास घेऊन गाडीतून बाहेर पडताना, दारापाशी, डाव्या हाताने मी बटण बंद केलं होतं. खोलीत कोणी नसेल तर दिवा बंद करून बाहेर यायचं, हे माझ्या आईने मला लावलं, मी माझ्या मुलांना लावलं, वर्गालाही लावलं. दिवा जाळण्यासाठीच आम्ही गाडीत बसवला होता आणि मी तो काटकसरीने बंद करून आले होते. भार काढला की व्होल्टेज वर जातं, हे नववीतल्या मुलीला माहीत असतं.

हे काही बोलले नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात न बोलण्याचं एवढं सुख त्यांना क्वचितच मिळालं असेल. अध्यक्षांनी मात्र संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं की पार्किंग ही प्रयोगशाळा नव्हे, सर्वांनी कृपया नोंद घ्यावी.

मांजरीकडे

दुसरी परीक्षा कुठे घ्यायची? ह्यांनी पुन्हा पोपटरावांना फोन लावला. पोपटराव म्हणाले, "आवो मग हिकडं आणा की. गाडीचं म्हायेरच हाय हे." चांगला वार म्हणून ह्यांनी गुरुवार ठरवला. मीही हो म्हटलं. पुण्यात हयात काढलेल्या बाईने गुरुवारी काय होतं हे विसरावं, याबद्दल पुढे येईलच.

बुधवारी दुपारी आम्ही निघालो. हडपसरपर्यंतचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी सुखात राहावं. त्यानंतर इमारती थोड्या विरळ होतात आणि मधून ऊस दिसायला लागतो. उसाच्या कडेला मोठाले फलक: निसर्गाच्या कुशीत दोन आणि तीन खोल्यांचे फ्लॅट. फलकाच्या मागे खरोखरच निसर्ग होता, म्हणजे तोच ऊस. फ्लॅट झाल्यावर तो कुठे जाणार हे फलकावर नव्हतं. पोपटरावांनी निम्मी जमीन बिल्डरला दिली आहे आणि निम्मीत अजून ऊस आहे. त्यांच्या अंगणात खुर्ची टाकली की एका अंगाला बारा मजली इमारत आणि दुसऱ्या अंगाला डोक्यापेक्षा उंच ऊस. ऊस जास्त बोलका वाटला.

अंगणात गाडी घेताना पोपटराव मागे उभे राहून हाताने खुणा करत होते. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." हे येऊ देत गेले. मागचं चाक पाण्याच्या पाटात उतरल्यावर पोपटराव त्याच आवाजात म्हणाले, "बास." चौघांनी ढकलून गाडी वर घेतली. चार जणांत एक मी होते आणि एक शालनताई, म्हणजे मोटारीत न निजणाऱ्या त्याच. साठीच्या पुढच्या, किरकोळ अंगाच्या, आणि जोर माझ्या दुप्पट.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी विचारतात काय घेणार, आणि त्या विचारण्यातच पाहुण्याने ओळखायचं असतं. इथे कोणी काही विचारलं नाही. हातात उसाच्या रसाचा भरलेला तांब्या आला. "मला साखर आहे," मी म्हटलं. शालनताई हसल्या. "मला बी हाय. साखरेच्या गावात ऱ्हाऊन साखर न्हाई तर काय व्हनार? ठिवा खाली. ताक आणते." त्यांनाही सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन होतं. इंजेक्शन घेताना दोघी शेजारी बसलो. त्यांनी ते मोगऱ्याची फुलं तोडावीत इतक्या सहज घेतलं. मी अजून सुई टोचताना डोळे मिटून घेते.

रात्री बाजरीची भाकरी, मेथीची पातळ भाजी आणि खरबरीत ठेचा. बॅटरीला पोपटरावांच्या घरातून वायर आणून जोडली होती. जेवणं होईस्तोवर ती पूर्ण भरली. मग वायर काढली, गाडीतलं सगळं बंद केलं. फ्रिजही बंद ठेवायचा होता, नाहीतर हिशेब चुकला असता. म्हणून माझी इन्शुलिनची पेनं मी शालनताईंच्या हवाली केली. तीनदा सांगितलं, "फ्रिजमध्ये ठेवा. दारात नको, आत. बर्फाजवळ नको." त्या तिन्ही वेळा बरं म्हणाल्या.

गुरुवार

सकाळी मीटरवर १२.७. सहा वाजता फळी अंगणात मांडून दिवे लावले. या वेळी मी बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर कागद डकवला: 'बंद करू नये.' आयुष्यात मी लावलेली ही पहिली पाटी, आणि ती मला स्वतःला उद्देशून होती.

पण गरज माझ्यापुरती नव्हती. अंगणातून जाणारं प्रत्येक माणूस दिवसा जळणारे दोन दिवे बघून थांबत होतं आणि हात पुढे करत होतं. दूधवाला. उसाला पाणी सोडणारा गडी. शेजारची एक म्हातारी तर पाटी वाचता येत नसल्यामुळे थेट चिकटपट्टीच काढायला लागली. "दिवसा दिवे कशाला गं बाई?" मी फळीसमोर मोडा टाकून बसले आणि हात आडवा धरला. तिला सांगितलं, बॅटरीत किती जीव उरलाय ते बघतेय. ती म्हणाली, "आन ते बघाया तिला दमवतीस व्हय?"

सातला १२.२. आठला १२.०. साडेआठला घराच्या आतला पंखा थांबल्याचा आवाज आला. पोपटराव अंगणात आले आणि आकाशाकडे बघत म्हणाले, "गुरुवार न्हवं का. आता संध्याकाळच्याला यील." गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. आमच्या कोथरूडलाही जाते. मी दर गुरुवारी सकाळी आठच्या आत मिक्सर फिरवून घेते. ह्यांनी शांतपणे सांगितलं की वार चांगलाच होता, प्रश्न महावितरणचा आहे. नंतर हे आणि पोपटराव ऊस बघायला गेले. गाडीची किल्ली ह्यांच्या खिशात गेली.

नऊला ११.८. दहाला ११.५. एखाद्या माणसाजवळ बसावं तशी मी त्या मीटरजवळ बसले होते. आकडा खाली गेला की वाईट वाटायचं, आणि वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही हे समजत असूनही वाटायचं. दहानंतर आकडे भराभर उतरू लागले. दिवे तांबूस झाले. अकरा वाजून अठरा मिनिटांनी मीटरवर १०.५ आलं. मी चिकटपट्टी काढली आणि बटण बंद केलं.

पाच तास अठरा मिनिटं. गुणिले दहा. वहीत लिहिलं: ५३ अँपिअर-तास. निम्म्याहून जेमतेम वर. त्यातही रोज तळापर्यंत न्यायची नाही म्हटलं, तर मार्च-एप्रिलच्या उन्हात आमचा फ्रिज एक दिवसही धड काढणार नाही. दोन दिवस सोडाच. एकक लावलेलं, सरळ, स्वच्छ उत्तर मिळालं होतं, आणि त्याचा अर्थ असा होता की दादाकडे जायचं नाही.

इथे मला जे वाटलं ते लिहायला हवं. मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

तेवढ्यात आठवलं की साडेआठपासून लाइट नाही. म्हणजे घरातला फ्रिजही बंद, गाडीतला बंद, आणि किल्ली उसात. मी धावतच शालनताईंकडे गेले. "माझी पेनं?"

"हायती की." त्या मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. सावलीत एक मोठं मडकं होतं, त्यात एक लहान मडकं, दोघांच्या मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. लहान मडक्यात स्टीलचा डबा. डब्यात त्यांची इन्शुलिनची बाटली आणि शेजारी माझी पेनं. "लाइट गेली तवाच काढली. फ्रिजात काय अर्थ न्हाई, पोरं सारखी दार उघडत्यात. हितं गार ऱ्हातं."

मडक्यात. माझं इन्शुलिन तीन तास मडक्यात होतं. मी शालनताईंना काही बोलले नाही, पाहुणी होते. पण एवढ्या भल्या बाईला हे कोणीतरी अधिकाराने सांगायला हवं, असं वाटून मी तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला, शालनताईंनाही ऐकू जावं म्हणून. सगळं सांगितलं. मडकं, वाळू, फडकं.

डॉक्टर म्हणाले, "छान करतात त्या. आम्हीच सांगतो असं, जिथे फ्रिज नसतो तिथे."

मी फोनचा आवाज कमी करायचं बटण शोधू लागले.

"आणि तुमचं जे पेन सध्या चालू आहे, त्याला तर फ्रिज लागतही नाही. साधारण महिनाभर बाहेर चालतं. फक्त ऊन आणि फार उकाडा नको. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कागदावर लिहूनही दिलं होतं."

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"सहा वर्षं झाली," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्याकडे पेशंट होते म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शालनताईंनी डब्याचं झाकण लावलं, फडक्यावर पाणी शिंपडलं आणि मला पडवीच्या कट्ट्यावर बसवलं.

तो दिवस मला आठवत होता. सकाळी दादाच्या पायाचा फोन आला होता आणि दुपारी मी डॉक्टरांसमोर बसले होते. ते बोलत होते आणि मी टेबलाखाली माझ्या पायांकडे बघत होते. त्यांनी काय काय सांगितलं असेल ते असो, मी त्यातून एकच गोष्ट घरी आणली: फ्रिज. त्यानंतर सहा वर्षं ती मी जपून वापरली. दादाने ये म्हटलं की फ्रिज पुढे करायचा. जो पाय नाही तो बघायची मला भीती वाटत होती. आणि ते सांगण्यापेक्षा फ्रिज सांगणं सोपं होतं. मुलींच्या वह्यांमधली चूक मला लांबून दिसायची.

हे सगळं मी शालनताईंना सांगितलं. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मग करा की फोन. लाइट न्हाई, पर तुमच्या मोबाइलात हाय न्हवं अजून?"

होती. एकवीस टक्के.

दादाने लगेच उचलला. "काय गं, झाली का तुझी परीक्षा?" तो म्हणाला.

"झाली. बॅटरी निम्मीच निघाली."

"मग? ऱ्हायलं यायचं?"

"नाही. येतेय. येत्या आठवड्यात येतेय."

"हितं लाइट न्हाई बघ," दादा म्हणाला. "परवापास्नं."

"चालेल," मी म्हटलं.

हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि लगेच मला तो प्रश्न सुचला, जो मी सहा वर्षांत एकदाही विचारला नव्हता. औषधं घेतोस का, पथ्य पाळतोस का, डॉक्टरकडे गेलास का, हे सगळं विचारलं होतं. हा नाही.

"दादा, तू चालतोस का रे?"

"चालतो की. पाय बशिवलाय न्हवं. तीन वर्सं झाली. तुला सांगितलं हुतं."

तेही सांगितलं होतं.

"किती?" मी विचारलं. सवय जात नाही. "किती चालतोस?"

"गिरणीपतुर," दादा म्हणाला. "आन परत."

आमच्या घरापासून गिरणी म्हणजे आधी पायऱ्या, मग मारुतीचं देऊळ, मग चढ. लहानपणी डोक्यावर दळण घेऊन तो चढ चढताना मी मधे दोनदा टेकायची आणि दादा दोन्ही डबे उचलून पुढे जायचा. ते अंतर मला मीटरमध्ये सांगता येणार नाही.

उसातून हे आणि पोपटराव परत येताना दिसले. पोपटरावांनी लांबूनच विचारलं, "काय निघालं वो?" मी म्हटलं, निम्मी. "म्हंजी चालती की," पोपटराव म्हणाले, आणि मी त्यांना एकक विचारलं नाही.

मी वही उघडली. ५३ अँपिअर-तास, त्याच्या खाली लिहिलं: दादा, गिरणीपर्यंत आणि परत. मग ह्यांना म्हटलं, "गाडी सुरू करा."